झुळझुळ, लुकलुक आणि इंग्रजी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

महाराष्ट्रातल्या मराठी शाळांमध्ये पहिलीपासून इंग्रजी शिकवायला २००० साली सुरुवात झाली. त्या वर्षी पहिलीत बसलेली मुले आज तिशीच्या पुढे गेली आहेत. कर्जत, नेरळ, चौक, खालापूर, खोपोली या भागातल्या शाळांतून त्यानंतर कितीतरी वर्ग शिकून बाहेर पडले. या मुलांना इंग्रजी वाचता येते, अर्ज भरता येतो, मोबाइलवर निरोप धाडता येतो. पण 'पहिल्या पावसाचे वर्णन करा' एवढे म्हटले की पेन अडते. 'इट वॉज रेनिंग हेविली. द सीन वॉज व्हेरी ब्यूटिफुल.' दोन वाक्यांत अख्खा पावसाळा संपतो.

हीच मुले मराठीत काही मुकी नसतात. घरी येऊन आजीला सांगायचे असेल तर आभाळ भरून येते, वारा भणाणतो, टपटप थेंब पडतात आणि बघता बघता पत्र्यावर पाऊस धाडधाड कोसळतो. सांगण्याजोगे डोळ्यांनी पाहिलेले असते, कानांनी ऐकलेले असते. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस झेलणाऱ्या मुलखातल्या मुलांना पाऊस कुणी शिकवायला नको. मग इंग्रजीत आल्यावर हे सारे जाते कुठे?

याचे एक कारण आपल्या शब्दार्थाच्या वहीत आहे. त्या वहीत डावीकडे ग्लो, ग्लीम, ग्लिटर, ग्लिमर, ग्लिसन असे पाच शब्द असतात आणि उजवीकडे पाचही ठिकाणी एकच अर्थ लिहिलेला असतो: चमकणे. वॉक म्हणजे चालणे, स्ट्रोल म्हणजे चालणे, ट्रज म्हणजेही चालणेच. पाठ करणाऱ्याने पाचही शब्द पाठ केले, तरी कुठला कधी वापरायचा हे त्याला कळत नाही. मग तो चुकण्यापेक्षा 'ब्यूटिफुल' बरे असे ठरवतो, आणि ते ठरवणे शहाणपणाचेच असते. आज आपण हालचाल, प्रकाश, आवाज आणि मन:स्थिती या चार गोष्टींचे इंग्रजी शब्द कसे शिकावेत, ते आपल्याच परिसराच्या आधाराने पाहू.

चालण्याची रीत

आधी हालचाल घेऊ. 'म्हातारा लंगडत स्टेशनात शिरला' हे साधे मराठी वाक्य आहे. यात क्रियापद कोणते? 'शिरला'. म्हणजे क्रियापदाने दिशा सांगितली, बाहेरून आत. तो कसा शिरला, ते 'लंगडत' या जोडशब्दाने सांगितले. आता इंग्रजी माणूस हेच कसे म्हणेल पाहा: 'ही लिंप्ट इन्टू द स्टेशन.' इथे लंगडणे हेच क्रियापद झाले आणि 'शिरला' या शब्दाचे सगळे काम 'इन्टू' या छोट्या शब्दावर सोपवले गेले. अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ लिओनार्ड टाल्मी यांनी १९८५ सालच्या एका लेखात जगातल्या भाषांमधला हा फरक मांडला. काही भाषा क्रियापदात वाट भरतात, काही भाषा क्रियापदात रीत भरतात. इंग्रजी रीत भरणारी. मराठीची ठेवण बरीचशी वाटेची आहे: निघणे, शिरणे, चढणे, उतरणे, ओलांडणे. रीत सांगायला आपण लगबगीने, रखडत, तुरुतुरु, डुलतडुलत असे शब्द बाजूला लावतो.

हे एकदा ध्यानात आले की अर्धे काम होते. आपला 'कसा' हा शब्द इंग्रजीत क्रियापद म्हणून जागा घेणार, आणि आपले क्रियापद तिथे 'इन्टू', 'आउट ऑफ', 'अप', 'डाउन', 'अक्रॉस' होऊन बसणार. कर्जत स्टेशनवर अर्धा तास उभे राहून हा सराव करता येतो. उशीर झालेला कारकून धावत पूल ओलांडतो: डॅश. पाय घासत चालणारे आजोबा जिना उतरतात: शफल. जड ओझे घेऊन थकलेली भाजीवाली बाहेर पडते: ट्रज. छोटी पोर तुरुतुरु पळते: स्कॅम्पर. लोकल लागली की गर्दी लाटेसारखी पुढे लोटते: सर्ज. बोरघाट चढणाऱ्या अनेक गाड्यांना इथे मागून जादा इंजिने जोडतात. ती गाडीला नेटाने वर रेटतात, म्हणजे शव्ह किंवा पुश. आणि नेरळहून माथेरानला जाणारी १९०७ सालची चिमुकली गाडी वळणे घेत जाते ती 'क्रॉल' करत. लहान मूल रांगते तेही क्रॉल. एका शब्दात गाडीचा वेगही आला आणि तिच्यावरचे थोडे प्रेमही आले.

आता पाण्याकडे वळू. इथे मराठीही रीत सांगणाऱ्या क्रियापदांनी गजबजलेली आहे. कौलातून ठिबकते ते ड्रिप, गालावरून ओघळते ते ट्रिकल, भिंतीतून झिरपते ते सीप, भांडे कलंडून सांडते ते स्पिल. जोड्या जवळजवळ तयार आहेत. उल्हास नदी कर्जतच्या पुढे वळणे घेत संथपणे जाते त्याला इंग्रजीत मिअँडर म्हणतात. हा शब्द आजच्या तुर्कस्तानातल्या एका प्राचीन नदीच्या नावावरून आला. त्या नदीला इतकी वळणे होती की तिचे नावच क्रियापद झाले. आकाशात पाहाल तर घार पंख न हलवता तरंगत जाते तो ग्लाइड, आणि कवड्या खंड्या पाण्यावर एकाच जागी पंख फडफडवत अधांतरी थांबतो तो होव्हर. दोघांना 'फ्लाय' म्हणणे चूक नाही, पण दोघांत काय वेगळे पाहिले ते सांगायचे राहून जाते.

उजेडाचे कुटुंब

प्रकाशाच्या शब्दांत एक गंमत आहे. ग्लो, ग्लीम, ग्लिटर, ग्लिमर, ग्लिसन, ग्लेअर. सगळ्यांची सुरुवात 'ग्ल' या जोडाक्षराने. ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी अशा ध्वनिगटांना १९३० साली 'फोनेस्थीम' हे नाव दिले. हे फर्थ त्याआधी लाहोरला पंजाब विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते. एकाच ध्वनीभोवती एका अर्थाचे शब्द गोळा होतात, हे मराठी कानाला नवे नाही. आपल्याकडेही लखलख, लकाकणे, लुकलुक एका घरातले वाटतात. झगमग, झळाळी, झळकणे दुसऱ्या घरातले.

कुटुंब एक असले तरी प्रत्येकाचा स्वभाव निराळा. तो ओळखायला तीन प्रश्न विचारावेत. उजेड स्वत:चा की परावर्तित? स्थिर की हलता? वस्तू कोरडी की ओली? चुलीत ज्वाला विझल्यावर निखारा लालसर दिसत राहतो. उजेड स्वत:चा, स्थिर, ऊबदार. तो ग्लो. चिंचेने घासलेले तांब्याचे भांडे बाहेरचा उजेड परत करते, तो ग्लीम. पावसात भिजलेला काळा कातळ चमकतो तो ग्लिसन, कारण तो ओला आहे. लग्नातल्या शालूची जर अनेक बिंदूंनी चमचमते तो ग्लिटर. रात्री डोंगरातल्या वाडीवरचा दिवा मिणमिणतो तो ग्लिमर. खालापूरजवळ द्रुतगती मार्गावर समोरून येणाऱ्या ट्रकचा झोत डोळ्यांत घुसतो तो ग्लेअर. आता या सहांना मिळून एकदाही 'चमकणे' म्हणावेसे वाटणार नाही.

कुटुंबाबाहेरचेही काही शब्द आहेत. वीज लवते तो फ्लॅश. मे महिन्यात डांबरी रस्त्यावर उन्हाने हवा थरथरते तो शिमर. पावसाळ्याच्या तोंडाशी झाडाझुडपांत काजवे लुकलुकतात, त्यांना ट्विंकल किंवा ब्लिंक जवळचे. आणि वीज कमीजास्त होऊन दिवा फडफडतो तो फ्लिकर. विजेचा उल्लेख आलाच आहे तर सांगतो, लोणावळ्याच्या तलावांचे पाणी घाटावरून खाली आणून खोपोलीच्या वीजगृहाने १९१५ साली मुंबईला वीज पुरवायला सुरुवात केली. मुंबईचा झगमगाट खोपोलीच्या पाण्यातून निघाला, असे म्हटले तर ते वर्णनही होते आणि इतिहासही.

कानाला विचारा

रेडिओवर चित्र नसते. इथे पाऊस दाखवता येत नाही, ऐकवावाच लागतो. आवाजाच्या शब्दांत मराठी माणूस श्रीमंत आहे, आणि ही श्रीमंती एका इंग्रज माणसाने मोजून ठेवली आहे. जेम्स मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला, आणि सुमारे ६०,००० शब्दांची दुसरी आवृत्ती १८५७ साली. त्यात खळखळ, सळसळ, खडखड, किणकिण असे अनुकरणवाचक शब्द ओळीने भेटतात आणि प्रत्येकापुढे त्या आवाजाला जवळचे इंग्रजी शब्द दिलेले असतात. आज हा कोश इंटरनेटवर फुकट पाहता येतो. मराठी शब्दाकडून इंग्रजीकडे जाण्याची ही जुनी, पण चांगली पायवाट आहे.

आवाज शिकताना शब्द एकटा शिकू नये. ज्याचा आवाज, त्याच्यासकट शिकावा. पाने रसल करतात, ढग रंबल करतात, बिजागरी क्रीक करते, खिळखिळी बस रॅटल करते, पैंजण जिंगल करतात, देवघरातली छोटी घंटा टिंकल करते. लावणीच्या चिखलातून पाय उपसताना 'पचक्' होते ना, त्याला स्क्वेल्च असा नेमका शब्द आहे. खोपोलीचा झेनिथ धबधबा भर पावसात गर्जतो, म्हणजे रोअर; पाऊस ओसरल्यावर तेच पाणी कातळावरून नुसते ओघळते, म्हणजे ट्रिकल. आणि झुळझुळ? तिला मर्मर हा शब्द बराच जवळचा आहे. संस्कृतातही पानांच्या सळसळीला मर्मर म्हणतात, म्हणजे तो आपल्याला फार परका वाटायला नको.

एक सावधगिरी मात्र बाळगावी लागते. मराठीत आपण आवाजाचा शब्द दुप्पट करतो आणि त्याला 'आवाज आला' जोडतो: 'पानांचा सळसळ सळसळ आवाज आला.' मुले तसेच इंग्रजीत नेतात आणि 'देअर वॉज अ साउंड ऑफ रसल रसल' लिहितात. इंग्रजीत दुप्पट करायची गरज नाही आणि 'साउंड'चीही गरज नाही. 'द लीव्ज रसल्ड.' तीन शब्द, काम झाले. पुन्हा तेच सूत्र: आपण जे बाजूला लावतो, ते तिथे क्रियापद होते.

मळभ आणि हुरहुर

मघाच्या 'ग्ल' कुटुंबात एक उलटा सदस्य आहे. ग्लूम. त्याचा अर्थ उजेड नव्हे, अंधार. म्हणून ध्वनीचे हे नियम खुणेपुरते ठेवावेत, कायदा समजू नयेत. पण हाच शब्द आपल्याला मन:स्थितीच्या दारात आणून सोडतो, कारण ग्लूम म्हणजे काळोखी आणि ग्लूम म्हणजे खिन्नताही. मराठीत याला सख्खा भाऊ आहे: मळभ. आभाळावर मळभ येते, मनावरही येते. 'चेहरा पडला' याला इंग्रजीत जसेच्या तसे 'फेस फेल' म्हणतात. 'चेहरा उजळला' याला ब्राइटन चालते. अशी सरळ जुळणारी ठिकाणे सापडली की ती वहीत लिहून ठेवावीत.

सगळीकडे असे जुळत नाही. आभाळ भरून येते आणि ऊर भरून येतो, आपल्याला एकच क्रियापद पुरते. इंग्रजीत आभाळासाठी ओव्हरकास्ट लागतो आणि उरासाठी दुसरेच काही. हुरहुर, रुखरुख, चुटपुट, धाकधूक या चार शब्दांचे चार इंग्रजी शब्द शोधत बसाल तर हाती फारसे लागणार नाही. अनीझी म्हणजे अस्वस्थ, विस्टफुल म्हणजे काहीशी गोड उदासी, अँक्शस म्हणजे काळजीत. हे शब्द हुरहुरीच्या आसपास फिरतात, तिला स्पर्श करत नाहीत. अशा वेळी शब्द सोडून द्यावा आणि कृती सांगावी. सासरी निघालेल्या मुलीला हुरहुर लागली, हे इंग्रजीत सांगायचे आहे? 'शी लुक्ड बॅक ट्वाइस.' तिने दोनदा मागे वळून पाहिले. चौथीच्या मुलाला येणारे शब्द आहेत, आणि वाचणाऱ्याला हुरहुर पोचते.

यातून आणखी एक गोष्ट कळते. वर्णनाचे शब्द जितके जास्त, तितके वर्णन चांगले असे नसते. एका वाक्यात शिमर, ग्लिटर आणि ट्विंकल तिन्ही कोंबले तर ते वाक्य लग्नाच्या मांडवासारखे दिसते. एका वाक्याला एक नेमके क्रियापद पुरेसे असते.

कसे शिकावे?

मग प्रत्यक्ष करायचे काय? दिवसाला पन्नास शब्द पाठ करू नयेत. आठवड्याला पाच पुरेत, पण ते पाच पुढच्या आठवड्यात पुन्हा भेटले पाहिजेत. सुरुवात मराठीतून करावी: आज मी काय पाहिले, काय ऐकले, त्याला घरात कोणता शब्द आहे? ठाकर आणि कातकरी मुलांच्या घरची बोली शाळेतल्या मराठीहून वेगळी असते. त्यांना बोलीतून प्रमाण मराठी आणि तिथून इंग्रजी अशा दोन उड्या माराव्या लागतात. शिक्षकाने त्या बोलीतला शब्द चुकीचा म्हणून खोडला, तर मुलाने पाहिलेली गोष्टच खोडली जाते. तो शब्द फळ्यावर एका बाजूला लिहावा आणि मग पुढे जावे.

दुसरे, इंग्रजी-इंग्रजी कोशाची सवय लावावी. शिकणाऱ्यांसाठीचा जो प्रसिद्ध ऑक्सफर्ड कोश आपल्याकडे दुकानांत मिळतो, तो मुळात ए. एस. हॉर्न्बी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जपानमधल्या विद्यार्थ्यांसाठी तयार केला. १९४२ साली तो टोकियोत छापला गेला आणि १९४८ साली ऑक्सफर्डने काढला. ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही त्यांच्यासाठीच तो आहे, म्हणून त्यात शब्दाबरोबर वाक्य दिलेले असते. अर्थ एकदा वाचावा, वाक्य दोनदा वाचावे.

वाक्य का महत्त्वाचे, याचे उदाहरण कर्जतलाच आहे. गावात 'लॉजिंग-बोर्डिंग'च्या पाट्या आपण पाहतो. लॉजिंग म्हणजे मुक्कामाची सोय. पण कर्जतच्या भात संशोधन केंद्रासारख्या ठिकाणच्या इंग्रजी अहवालात 'लॉजिंग' आले, तर त्याचा अर्थ वाऱ्यापावसाने उभे भात आडवे पडणे. नुसता अर्थ पाठ केलेला मुलगा भाताला लॉजवर मुक्कामाला पाठवील. शेतकऱ्याच्या मुलाने मात्र एकदा ते वाक्य वाचले की तो शब्द त्याला आयुष्यभर विसरायचा नाही, कारण आडवे पडलेले भात त्याने पाहिलेले आहे.

शब्द कशासाठी?

हे सगळे परीक्षेतल्या दहा गुणांसाठी आहे का, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर खालापूर तालुक्यातच मिळते. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या कुशीतल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले. ५७ जणांचा शोध लागला नाही. त्या रात्रीबद्दल शब्दांचा हिशेब मांडणे बरे दिसत नाही. पण त्यानंतर डोंगरालगतच्या प्रत्येक वाडीला जो प्रश्न पडला, तो वर्णनाशी जोडलेला आहे: डोंगर हलतो आहे हे ओळखायचे कसे आणि सांगायचे कसे?

दरडींचे शास्त्र बहुतांशी इंग्रजीत लिहिले जाते. अमेरिकी भूशास्त्रज्ञ डेव्हिड वार्न्स यांनी १९७८ साली केलेली वर्गवारी आजही आधाराला घेतली जाते. तिच्यातली हालचालींची नावे पाहा: फॉल, टॉपल, स्लाइड, स्प्रेड, फ्लो. पडणे, उलथणे, घसरणे, पसरणे, वाहणे. यात एकही अवघड शास्त्रीय शब्द नाही, सगळी रोजची क्रियापदे आहेत. उतारावरची माती वर्षानुवर्षे नकळत खाली सरकते, तिला क्रीप म्हणतात. मांजर दबकत येते त्यालाही क्रीपच म्हणतात. धोक्याच्या खुणाही अशाच साध्या शब्दांत असतात. जमिनीला किंवा भिंतीला नवी भेग गेली: क्रॅक. झाड किंवा खांब कलला: टिल्ट. ओढ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले: मडी. नव्या जागी पाणी पाझरू लागले: सीप. डोंगरातून घरघर ऐकू आली: रंबल. यातले सीप आणि रंबल हे शब्द तर आपण आत्ताच, पाण्याचे आणि आवाजाचे वर्णन करताना शिकलो.

तहसील कचेरीला कळवायला इंग्रजी लागत नाही. 'पाणी गढूळ झालंय, झाड कललंय' एवढे मराठीत वेळेवर सांगितले की पुरते. पण मोजमाप करायला येणारे तज्ज्ञ, त्यांचे अहवाल, यंत्रांच्या सूचना बहुधा इंग्रजीत असतात. आणि डोंगर रोज पाहणारी म्हातारी तिच्या बोलीत बोलते. या दोघांच्या मध्ये उभे राहणारे कुणीतरी त्या वाडीतलेच हवे. अहवालातला 'क्रीप' आजीला 'माती सरकते' म्हणून सांगणारे, आणि आजीची 'घरघर' तज्ज्ञाला 'रंबल' म्हणून पोचवणारे. 'समथिंग इज हॅपनिंग' एवढेच ज्याला म्हणता येते, त्याचे कोण ऐकणार?

म्हणून पालकांना आणि शिक्षकांना एवढेच सांगणे आहे. या आठवड्यात मुलांना घराबाहेर न्या आणि पाच गोष्टी ऐकायला, पाहायला सांगा. आधी त्यांचा शब्द विचारा. मग त्याला इंग्रजी जोडीदार शोधा. वहीत उजवीकडे पुन्हा पाचदा 'चमकणे' लिहिलेले दिसले, तर ते पान बदला.